शेताच्या दारातच विक्री सुरू करायची आहे, सुरुवात कशी करावी?

पाटपाणी

नमस्कार मंडळी. घरची एक एकर जमीन आहे. निम्म्यात फळझाडं उभी आहेत, निम्मं रान मोकळं. विहिरीला बारमाही पाणी आहे आणि शेताच्या कडेनेच रस्ता जातो. आतापर्यंत जे पिकलं ते एकगठ्ठा व्यापाऱ्याला दिलं. भाव तो ठरवणार, वजन तो करणार, आपण फक्त पोती भरून द्यायची. आता सासूबाईंनी आणि मी ठरवलंय की फाटकापाशी छोटी शेड घालून थेट गिऱ्हाइकाला विकायचं. फार मोठं नको, पण वर्षभर चालेल असं हवं.

काय लावावं आणि किती? रोज उघडं ठेवावं की ठरलेल्या वारी? दिवसभर माणूस बसवणं आम्हाला जमणार नाही. भाव कसा काढायचा? थोड्या कोंबड्याही आहेत, अंडी ठेवावीत का? ज्यांनी हे केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहावं ही विनंती.

वाफा

ताई, चांगला धागा. "काय लावावं" हा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

भाजी बाजारातही मिळते. मग माणसाने तुमच्या फाटकाशी गाडी का थांबवावी? माझं ठाम मत असं की प्रवासात ज्या मालाचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, तोच माल शेताच्या दारात विकावा. मक्याचं कणीस बघा. साधा गोड मका तोडल्या क्षणापासून दाण्यातली साखर पिष्टात बदलायला लागते. ३० अंश तापमानात २४ तास राहिला तर साखर जवळजवळ निम्म्यावर येते. लांबून आलेल्या कणसाचा तो दिवस वाटेतच जातो, तुमच्या कणसाचा जात नाही. टोमॅटोचंही तसंच. लांब जाणारा टोमॅटो कच्चट असतानाच तोडतात आणि वाणही जाड सालीचं निवडतात, नाहीतर क्रेटमध्ये फुटतो. तुम्ही पातळ सालीचं रसाळ वाण लावू शकता आणि झाडावर रंग भरू देऊ शकता. पालेभाज्या, कोवळी काकडी, भेंडी, घेवडा, झाडावर पाड लागलेली फळं, हा सगळा तुमचा माल.

उलट कांदा, बटाटा, लाल भोपळा महिनोन्‌महिने टिकतात. तिथे तुमचा ताजेपणा गिऱ्हाइकाला कळत नाही आणि मोठ्या क्षेत्रवाल्याच्या भावाशी झुंजावं लागतं. टेबल भरलेलं दिसावं म्हणून थोडे ठेवा, पण त्यात रान अडकवू नका.

आता किती लावायचं ते. इथे उलटं मोजायचं. विक्रीचा दिवस धरायचा आणि तिथून मागे यायचं. मुळ्याला २५ ते ३० दिवस, पालकाला ३५ ते ४०, घेवड्याला ५० ते ६०, काकडीला ५०च्या आसपास, टोमॅटोला रोप लावल्यापासून ६५ ते ८०. हवामानाप्रमाणे हे पुढेमागे होतं, तुमच्या रानात किती लागतात ते वहीत टिपत जा. सगळं एकदम पेरलंत तर एक आठवडा ढीग लागेल आणि पुढे टेबल ओस पडेल. पालेभाजीचा छोटा वाफा दर आठ-दहा दिवसांनी, घेवडा आणि काकडी दर तीन आठवड्यांनी, असं टप्प्याटप्प्याने पेरा.

भेंडीसाठी थोडं थांबतो, कारण नवीन माणूस तिथे हमखास अडकतो. भेंडी एक दिवसाआड तोडावीच लागते, गिऱ्हाईक येवो न येवो. कोवळ्या शेंगेचं टोक बोटाने दाबलं की कट्‌कन मोडतं. नुसतं वाकलं आणि मोडलं नाही तर ती निबर झाली. अशा शेंगा झाडावर राहिल्या की झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि नवी फुलं कमी येतात. काकडीचंही असंच. त्यामुळे ही पिकं किती लावायची हे रानावरून ठरवू नका. सकाळी तोडायला हात किती आहेत त्यावरून ठरवा.

आठवड्यातले दोन वार ठरवा आणि काही झालं तरी पाळा. एकदा येऊन रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक पुन्हा वळून येत नाही.

रानवाट

वाफादादा, पिकांबद्दल पूर्ण सहमत, दोन वारांबद्दल नाही. आसपास राहणारे लोक वार लक्षात ठेवतील. रस्त्याने जाणाऱ्याला तुमचा वार कुठून कळणार? ताई, तुमचं शेत रस्त्याला लागून आहे, हा फायदा सोडू नका. रोज सकाळी थोडाच माल मांडा, जुड्या बांधून, किंमत लिहून, आणि शेजारी पैशाची पेटी. माणूस नसला तरी चालतं. जपानच्या खेड्यांत भाजीचे असे विनामाणूस ठेले जागोजागी आहेत, ब्रिटनमध्येही फाटकाबाहेर अंडी आणि पेटी ठेवून विकणारे पुष्कळ आहेत.

पेटी लोखंडी असावी, जमिनीत रोवलेल्या खांबाला आतून बोल्ट केलेली. फट इतकीच की नाणं-नोट आत जाईल, बोटं जाणार नाहीत. दिवसातून दोनदा तरी रिकामी करा, म्हणजे कुणी फोडली तरी हाती फार लागणार नाही. क्यूआर कोड लावलात तर त्यावर दुसऱ्या कुणी आपला कोड चिकटवलेला नाही ना, हे रोज सकाळी बघा.

आणि फलक! याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढे जाते. फलक दिसणं, वाचणं, ठरवणं आणि ब्रेक लावणं यात पाच-सहा सेकंद सहज जातात, म्हणजे जवळजवळ शंभर मीटर. फाटकावरच फलक लावलात तर वाचून होईपर्यंत माणूस पुढे गेलेला असतो, आणि कुणी मागे वळत नाही. दोन्ही बाजूंना शंभर मीटर आधी एकेक फलक हवा. त्यावर तीन शब्दांपेक्षा जास्त नको. "ताजी भाजी, पुढे" एवढं पुरे. अक्षरं वीतभर उंच तरी असावीत. मात्र सरकारी हद्दीत फलक रोवण्याआधी परवानगी लागते का ते विचारा. आणि गाडी रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभी राहील एवढी जागा मुरूम टाकून करून घ्या. वळणावर किंवा चढाच्या टोकाला ठेला नकोच, जिवाशी खेळ होतो.

जुनं खोड

वरचे दोन्ही प्रतिसाद चांगले आहेत, पण एक गोष्ट कुणी बोललं नाही. ताजा म्हणून विकायचा तर तोडणीनंतरचे पहिले दोन तास सांभाळायला हवेत.

भाजी तोडली तरी तिचा श्वास चालूच असतो. तापमान १० अंशांनी वाढलं की तो वेग दुप्पट-तिप्पट होतो आणि तितक्या वेगाने भाजी उतरते. म्हणून तोडणी उजाडता उजाडता करायची, रान रात्रभर गार झालेलं असताना. तोडलेला माल वाफ्यावर उन्हात ठेवून पुढचा वाफा धरायचा नाही. क्रेट आधी झाडाच्या सावलीत नेऊन ठेवायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं. पालेभाजीचं वजन पाण्यावाटे तीन ते पाच टक्के घटलं तरी ती मलूल दिसते. किलोमागे तीस-पन्नास ग्रॅम पाणी गेलं की संपलं. मग वरून कितीही शिंपडा, तो तजेला येत नाही.

सगळं फ्रीजमध्ये कोंबायचं नाही. पालेभाज्या, मुळा, गाजर यांना जितकी थंडी तितकी चांगली, अगदी शून्य अंशाजवळही. पण काकडी, वांगी, भेंडी १० अंशांखाली काही दिवस राहिली की त्यांना खड्डे आणि काळे डाग पडतात. टोमॅटोचा वास आणि चव मरते. केळ्याची साल तर १३ अंशांखालीच काळवंडायला लागते. ही बाहेर सावलीतच बरी.

विजेशिवाय गारवा हवा असेल तर शून्य ऊर्जा शीतकक्ष करून बघा. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत तो विकसित झाला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू. सकाळ-संध्याकाळ वाळू भिजवायची आणि वर गवताचं झाकण. उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरपेक्षा १० ते १५ अंशांनी कमी राहतं आणि ओलावाही टिकतो. हवा कोरडी असेल तरच हे चालतं. दमट हवेत पाणी उडत नाही, मग गारवाही येत नाही.

आणखी एक. पिकलेली केळी, पिकलेला टोमॅटो, सफरचंद यांच्यातून इथिलीन वायू निघतो. त्यांच्या शेजारी ठेवलेली पालेभाजी आणि काकडी लवकर पिवळी पडते, गाजर कडसर होतं. टेबलावर फळं एका टोकाला, पाला दुसऱ्या टोकाला. बटाटे ठेवणार असाल तर ते झाकून. उजेडात हिरवे पडले की त्यांच्यात सोलॅनिन वाढतं, ते विषारी असतं.

पाटपाणी

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं. जुनं खोड काका, शीतकक्षासाठी विहिरीजवळची सावलीची जागा बघून ठेवली. वारांचं असं सुचतंय: रोज थोडा माल पेटीसोबत, आणि आठवड्यातून दोन सकाळी आम्ही स्वतः बसून मोठी विक्री. अंडी आणि भाव यांचं काय?

खुराडं

ताई, अंडी नक्की ठेवा. भाजीला आलेलं गिऱ्हाईक अंडी घेतंच, आणि अंड्यांसाठी येणारं दर आठवड्याला येतं. मात्र आधी गणित नीट समजून घ्या. पिल्लू आणलंत तर पहिलं अंडं १८ ते २० आठवड्यांनी, आणि तोवर खाद्य चालूच. अंड्यासाठीची कोंबडी दिवसाला साधारण ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, कारण तिला १४ ते १६ तास उजेड लागतो. पिसं झडायच्या काळात तर थांबतातच. वर्षभर सारखी अंडी मिळतील असं गिऱ्हाइकाला कबूल करू नका. एकाच वयाच्या सगळ्या कोंबड्याही ठेवू नका, नाहीतर सगळ्या एकदमच थांबतील.

अंड्यावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो कवचाची छिद्रं बुजवून ठेवतो. धुतलं की तो जातो. अमेरिकेत मोठ्या उत्पादकांना अंडी धुऊन थंडच ठेवावी लागतात. युरोपात उलट, तिथे पहिल्या दर्जाची अंडी धुवायची नसतात. तुमच्याकडचा नियम बघा. नियम काहीही असो, खरी युक्ती खोप्यात आहे. खोप्यातला भुसा कोरडा आणि स्वच्छ ठेवा, अंडी दिवसातून दोनदा गोळा करा, म्हणजे धुवायची वेळच येत नाही. धुवावंच लागलं तर पाणी अंड्यापेक्षा कोमट हवं. गार पाण्यात अंडं आतून आकसतं आणि मळ छिद्रांतून आत ओढला जातो. तडा गेलेलं अंडं विकायचं नाही, स्वस्तातही नाही. टोकदार बाजू खाली ठेवा आणि पेन्सिलीने तारीख लिहा. ती तारीख बघूनच लोकांचा विश्वास बसतो.

काटा

भावाबद्दल लिहिते. व्यापाऱ्याच्या भावापासून सुरुवात करू नका, तो भाव एकगठ्ठा मालाचा असतो. इथे निवडणं, बांधणं, मांडणं, विकणं हे सगळं तुम्ही करणार आहात. पालेभाजीत बियाण्या-खताचा खर्च थोडा असतो, खरा खर्च हातांचा असतो. एकदा घड्याळ लावून बघा, एका तासात किती जुड्या कापून, निवडून, बांधून होतात. तासाच्या मजुरीला त्या संख्येने भागा. त्यात बियाणं, खत, पाणी मिळवा, आणि न विकल्या जाणाऱ्या मालाचा वाटाही मिळवा. येणाऱ्या आकड्याच्या खाली जुडी विकायची नाही. सासूबाईंची आणि तुमची मजुरी धरायचीच, "घरचंच काम" म्हणून सोडून द्यायची नाही. घरच्या बायकांची मजुरी शून्य धरून धंदा फायद्यात दाखवणं मला अजिबात पटत नाही.

भाव बाजाराच्या किरकोळ भावाच्या आसपास ठेवा. शेजाऱ्याला पाडून स्वस्त विकलंत तर उद्या तो तुम्हाला पाडेल आणि दोघं बुडाल. पेटीवर विकायचा माल जुडीवर किंवा नगावर ठेवा, वजनावर नको. सुट्टे लागणार नाहीत अशा किमती लावा. तुम्ही बसाल त्या दिवशी काटा वापरायचा असेल तर तो व्यापारासाठी तपासून, शिक्का मारून घ्या, जवळपास सगळीकडे तसा कायदा आहे.

वही तीन रकान्यांची: तोडलं किती, विकलं किती, उरलं किती. पीकवार. एक हंगाम लिहिलंत की काय वाढवायचं आणि काय बंद करायचं ते वहीच सांगेल.

आणि प्रक्रिया केलेले पदार्थ. फळझाडं आहेत म्हणताय, तर कधीतरी जॅम, रस, लोणचं मनात येईलच. नियम देशोदेशी वेगळे असले तरी जसं तोडलं तसं विकणं सोपं असतं, आणि कापलं, शिजवलं, बाटलीत भरलं की बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. याला कारण आहे. हवाबंद बाटलीत आंबटपणा कमी असेल, म्हणजे पीएच ४.६ च्या वर असेल, तर बोट्युलिझमचे, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचे, जंतू वाढू शकतात. आंबट फळांचा जॅम त्यामानाने सुरक्षित असतो. बाटलीबंद भाज्या घरच्या पातेल्यात उकळून विकायचा विचारही करू नका. मध ठेवलात तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला देऊ नये, हे बाटलीवर लिहा.

शेणखत

थोडक्यात लिहितो. तुमच्याकडे कोंबड्या आहेत म्हणजे खत आहे. ताजं खत पालेभाजीच्या वाफ्यात टाकू नका. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत ताजं खत टाकणं आणि तोडणी यांत, मातीला टेकणाऱ्या पिकांसाठी १२० दिवस आणि बाकीच्यांसाठी ९० दिवस अंतर सांगितलंय. तुमच्यावर तो नियम बंधनकारक नसला तरी आकडा पाळण्यासारखा आहे. मुळा २५ दिवसांत येतो, म्हणजे त्याच्या वाफ्यात फक्त पूर्ण कुजलेलंच खत. विहिरीचं पाणी एकदा प्रयोगशाळेत ई. कोलायसाठी (विष्ठेतून पाण्यात येणारे जंतू) तपासून घ्या, त्याच पाण्याने तुम्ही भाजी खळबळणार.

फवारणी केलीत तर डब्यावर लिहिलेला प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय तोडायचं नाही, गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी. आणि प्रमाणपत्र नसेल तर फलकावर "सेंद्रिय" लिहू नका. "काय फवारलं, कधी फवारलं, विचारा, सांगतो" असं लिहा. लोकांना ते जास्त भावतं.

पाटपाणी

काटाताई, मजुरीचा मुद्दा सासूबाईंना वाचून दाखवला, त्यांना फार पटला. आता आमचा बेत सांगते: पालक, मुळा, कोथिंबीर, घेवडा, भेंडी, काकडी, टोमॅटो, वांगी, मिरची, मका, गाजर, बीट, दुधी, दोडका. मक्याची एक लांब ओळ बांधाच्या कडेने. शिवाय बागेतली फळं आणि अंडी. उरलेल्या मालाचं काय करायचं ते मात्र अजून कळत नाही.

वाफा

ताई, यादी लांबली. पहिल्या हंगामात सात-आठ पिकांच्या पुढे जाऊ नका. दोन-तीन पालेभाज्या, घेवडा, काकडी, टोमॅटो, थोडी भेंडी, मका. दुधी, दोडका हे वेल पुढच्या हंगामात. प्रत्येक पिकाची वेळ, कीड, तोडणी वेगळी असते, आणि दोघींना ते सांभाळून विक्रीही करायची आहे.

मका बांधाच्या कडेने एका ओळीत नको. मक्याचं परागीभवन वाऱ्याने होतं. तुऱ्यातले परागकण खाली पडून कणसाच्या रेशमावर पोचले पाहिजेत, रेशमाचा एकेक धागा म्हणजे एकेक दाणा. एकच ओळ असली की पराग वाऱ्यावर भलतीकडे जातात आणि कणसं दातपडकी निघतात. तेवढीच रोपं चार-पाच आखूड ओळींच्या चौकोनात लावा.

उरलेल्या मालाचं सांगतो. कालची भाजी आजच्या भाजीशेजारी कमी भावात मांडू नका. लोक कालच्याचीच वाट बघायला लागतात, आणि शिळी जुडी बघून ताजीबद्दलही शंका घेतात. उरलेलं आधी घरात, मग कोंबड्यांना (हिरवे पडलेले बटाटे सोडून), मग खतात. वहीत "उरलं" सारखंच मोठं दिसलं तर पेरणी कमी करा.

उरणं मुळातच कमी करायचं असेल तर दहा-बारा ओळखीची घरं धरा. दर आठवड्याला एक टोपली, त्यात काय असेल ते शेत ठरवेल, पैसे महिन्याचे आधी. जपानमध्ये १९७०च्या दशकात तेईकेई नावाने शेतकरी आणि घरं अशी थेट जोडली गेली, आणि अमेरिकेत १९८६ साली मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांनी आगाऊ वाट्याची पद्धत सुरू केली. फायदा असा की पेरताना निम्मा माल विकला गेलेला असतो. पण ही घरं दुसऱ्या हंगामात धरा. टेबलाला आठवडा चुकला तर गिऱ्हाईक हळहळतं, आगाऊ पैसे घेतल्यावर चुकला तर शब्द मोडतो.

नवी पालवी

वाचनखूण साठवली. एकच प्रश्न: सतत पाऊस असतो तेव्हा पालेभाजी चिखलाने भरते आणि जुडीत कुजते. तेव्हा काय करायचं?

जुनं खोड

वाफे वीतभर उंच करा आणि दोन ओळींत वाळलेल्या गवताचं आच्छादन टाका, म्हणजे थेंबांनी माती उडून पानांवर बसत नाही. पावसात भिजलेली भाजी लगेच जुडी बांधून ठेवायची नाही. स्वच्छ पाण्यात एकदा खळबळायची, मग जाळीच्या क्रेटमध्ये सैल पसरून वाऱ्याला निथळू द्यायची, आणि पानांवरचं पाणी गेल्यावरच बांधायची, तीही सैल. बांधलेल्या जागी पाणी अडकलं की तिथूनच कूज सुरू होते. पेटीवर ठेवायच्या जुड्यांची संख्या त्या दिवसांत निम्मी करा, पावसात गाड्याही कमीच थांबतात. मुळे ठेवून उपटलेला पालक कापलेल्यापेक्षा जास्त टिकतो, तेव्हा पावसाळ्यात मुळांसकट जुडी बांधा, मुळावरची माती मात्र नीट धुऊन.